क्यूएमूवर मल्टिकोअर इंटरप्ट: रोज वापरणारीचा रिव्ह्यू

क्यूएमू, म्हणजे एका कॉम्प्युटरवर दुसऱ्याच चिपचा आभास उभा करणारा इम्युलेटर, फुकट आहे, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच येत नाही. वेळ वसूल होतो का, एवढंच बघायचं. फाब्रिस बेलार्डने २००३ मध्ये हा इम्युलेटर बाहेर आणला. तेव्हापासून त्याच्यावर ढीगभर लिहिलं गेलंय, पण बरेच जण 'लिनक्स बूट झालं, मस्त' म्हणून तिथेच थांबतात. मी पुण्यात फर्मवेअरचं काम करते. आमच्याकडे बोर्ड कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे ड्रायव्हर आधी क्यूएमूवर चालतो आणि मग बोर्डावर जातो. म्हणून हा रिव्ह्यू एकाच गोष्टीपुरता आहे: डिव्हाइसने इंटरप्टची ('हातातलं काम सोड, माझ्याकडे बघ' अशा इशाऱ्याची) लाइन वर केली की ती प्रोसेसरच्या कुठल्या कोअरला जाते, आणि क्यूएमू जे दाखवतो त्यावर किती विसंबायचं.

माझं मत आधीच सांगते. इंटरप्ट कुठे जातो यासाठी क्यूएमू झकास आहे, दोन-तीन कोपरे सोडले तर. कधी जातो, किती वेळात जातो, यासाठी त्याच्याकडे बघूही नका.

आर्म प्रोसेसरसाठी आम्ही क्यूएमूमधलं 'व्हर्ट' नावाचं मशीन वापरतो. काहीच सांगितलं नाही तर आठ कोअरपर्यंत तो जीआयसीचं, म्हणजे इंटरप्ट कोअरांना वाटून देणाऱ्या आर्मच्या कंट्रोलरचं, व्हर्जन २ देतो. व्हर्जन ३ हवं असेल तर जीआयसी-व्हर्जन इक्वल टू ३ असं मशीनच्या ऑप्शनमध्ये स्पष्ट लिहायचं. हे लिहायला विसरलेली माणसं व्हर्जन ३चे रजिस्टर (हार्डवेअरमधले आकडे ठेवायचे छोटे कप्पे) शोधत तासन्‌तास बसलेली मी पाहिली आहेत.

नव्या मुलांची पहिली तक्रार ठरलेली असते: चार कोअर दिले, पण सगळे इंटरप्ट सीपीयू ०वरच येतात, क्यूएमू गंडलाय. गंडलेला नाही. लिनक्सचा जीआयसी व्हर्जन ३चा ड्रायव्हर बूट होताना सगळे शेअर्ड (कुठल्याही कोअरला देता येणारे) इंटरप्ट स्वतःच बूट कोअरकडे, म्हणजे सीपीयू ०कडे, वळवतो. प्रॉक-इंटरप्ट्स ही लिनक्सची इंटरप्ट मोजणारी फाइल उघडा, पीएल०११ यूआर्टची (कन्सोलच्या सिरियल पोर्टची) ओळ शोधा, जीआयसीवरचा तिचा नंबर ३३ आहे. त्या इंटरप्टच्या एसएमपी-अ‍ॅफिनिटीत ४ (बिटांच्या भाषेत सीपीयू २) लिहा आणि कन्सोलवर चार अक्षरं टाइप करा. आता सीपीयू २चा रकाना वाढायला लागतो. पीसीआयवरची व्हर्टिओ (आभासी मशीनसाठी बनवलेली) डिस्क लावली तर आणखी छान दिसतं: प्रत्येक कोअरची वेगळी रिक्वेस्ट क्यू, प्रत्येक क्यूचा वेगळा एमएसआय-एक्स (वायरऐवजी मेमरीत लिहून पाठवलेला) इंटरप्ट, आणि ज्याचा त्याला. ज्याला हे आजवर फक्त पीडीएफमध्ये दिसलंय, त्याला पाच मिनिटांत पटतं.

बेअर मेटलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय, खरी मजा. व्हर्जन २मध्ये प्रत्येक शेअर्ड इंटरप्टला टार्गेट रजिस्टरमध्ये एक बाइट असतो आणि त्यातला एकेक बिट एकेका कोअरचा, म्हणून मर्यादाही आठ कोअरचीच. आमच्या टीममधल्या एका ट्रेनीने यूआर्टच्या बाइटमध्ये खालचे चारही बिट १ केले आणि माझ्याकडे आला. "मॅडम, की एकदाच दाबली. एका कोअरला ३३ मिळाला आणि बाकीच्यांना १०२३. आणि बाकीचे किती, तेही दर वेळी वेगळं." क्यूएमू इथे अगदी बरोबर वागत होता. तो टार्गेटमधल्या सगळ्या कोअरची लाइन वर करतो. जो आधी अ‍ॅकनॉलेज रजिस्टर वाचेल त्याला नंबर मिळतो, मागून येणाऱ्याला १०२३, म्हणजे 'तुझ्यासाठी काही नाही'. एखाद्या कोअरने लाइन बघेपर्यंत ती खालीही आलेली असते, मग तो हँडलरमध्ये (इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) शिरतच नाही. म्हणून आकडा बदलतो. हँडलरमध्ये १०२३ची तपासणी का लागते हे मी बोर्डावर इतक्या सहज दाखवू शकले नसते.

व्हर्जन ३मध्ये मात्र एक कोपरा असा आहे की तिथे जपून. शेअर्ड इंटरप्टसाठी ६४ बिटांचा राउटर रजिस्टर असतो. त्यात कोअरची अ‍ॅफिनिटी (कोअरचा पत्ता) लिहायची, आणि ३१वा बिट १ केला तर 'सहभागी कोअरपैकी कुणालाही द्या' असा अर्थ होतो. क्यूएमू ही 'कुणालाही' सोय देत नाही, आणि तसं टाइप रजिस्टरच्या २५व्या बिटात प्रामाणिकपणे सांगतोही. आता गंमत बघा. पुष्कळ जण एमपीआयडीआर, म्हणजे कोअरची स्वतःची ओळख सांगणारा रजिस्टर, वाचतात आणि आहे तसा राउटरमध्ये टाकतात. एमपीआयडीआरचा ३१वा बिट कायम १ असतो. क्यूएमू टार्गेट ठरवताना फक्त अ‍ॅफिनिटीचे बिट काढून घेतो आणि ३१व्याकडे ढुंकून बघत नाही, त्यामुळे इंटरप्ट हव्या त्या कोअरला बिनबोभाट पोचतो. ही सोय असलेल्या खऱ्या चिपवर हाच कोड भलत्याच कोअरला जागं करू शकतो. मी कोड रिव्ह्यूला बसले की राउटरवाल्या ओळीत ३१वा बिट गाळणारा मास्क लावलाय का, हे आधी बघते.

त्याच रजिस्टरमध्ये अस्तित्वात नसलेल्या कोअरची अ‍ॅफिनिटी लिहिली तर? इंटरप्ट पेंडिंग होऊन पडून राहतो. ना एरर, ना वॉर्निंग. हार्डवेअरकडून कुणी याहून जास्त अपेक्षा करत नाही, पण इम्युलेटरने एक ओळ छापली असती तर काय बिघडलं असतं?

स्वतःचं डिव्हाइस मॉडेल लिहिणाऱ्यांसाठी वायरिंगचा भाग चांगला जमलाय, फक्त आधी समजून घ्यावा लागतो. जीआयसीच्या इनपुट पिनांमध्ये पहिल्यांदा सगळे शेअर्ड इंटरप्ट, मग कोअर ०चे स्वतःचे ३२, मग कोअर १चे ३२, अशी रांग असते. बाहेर पडताना आधी प्रत्येक कोअरची आयआरक्यू (साधी इंटरप्ट लाइन), त्यानंतर प्रत्येकाची एफआयक्यू (तातडीची). दोन डिव्हाइस एकाच इनपुटवर सरळ जोडू नका. ती लाइन मोजदाद ठेवत नाही: एकाने वर केली, दुसऱ्याने वर केली, पहिल्याने खाली आणली की दुसऱ्याचं काम बाकी असूनही लाइन खालीच. त्यासाठी ऑर-आयआरक्यू नावाचं वेगळं डिव्हाइस दिलंय. उलट एकच लाइन दोन ठिकाणी न्यायची असेल तर स्प्लिट-आयआरक्यू. कोड फार सुबक आहे, वाचायला कंटाळा येत नाही.

रास्पबेरी पाय ३चं मशीनही चाळून बघितलं. तिथे जीआयसी नाहीच. यूआर्टसारख्या पेरिफेरलचे इंटरप्ट एका राउटिंग रजिस्टरमधून जातात, आणि ते एका वेळी एकाच कोअरला देता येतात. कोअरचे टायमर आणि मेलबॉक्स (कोअरांनी एकमेकांना निरोप पाठवायची सोय) तेवढे ज्याचे त्याचे. चिपच तशी आहे आणि क्यूएमूने तशीच उतरवली आहे. रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या प्रोसेसर घराण्यात एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्याच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची गंमत जरूर बघा. तो यूआर्ट आणि डिस्क प्रत्येक हार्टसाठी (तिथल्या कोअरसाठी) चालू करतो, जो आधी क्लेम करेल त्याला इंटरप्ट, बाकीच्यांना शून्य.

आता वेळेबद्दल. २०१७च्या २.९ व्हर्जनपासून प्रत्येक कोअर होस्टवर (क्यूएमू चालतो त्या कॉम्प्युटरवर) वेगळ्या थ्रेडमध्ये धावतो, हे खरंच मोठं काम झालं. तरीही इंटरप्ट बघितला जातो तो भाषांतरित ब्लॉकच्या (एकदम चालवल्या जाणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) सीमेवर, आणि कंट्रोलरचे रजिस्टर हाताळताना एक मोठं कुलूप घेतलं जातं. म्हणजे चारही कोअर एकाच क्षणी जीआयसीवर तुटून पडले, असं चित्र इथे उमटतच नाही. आयकाउंट (सूचना मोजून वेळ ठरवणारा ऑप्शन) लावला तर सगळे कोअर एकाच थ्रेडमध्ये पाळीपाळीने चालतात. बग पुन्हा पुन्हा घडवायला ते उत्तम, पण शर्यतीचे (कोण आधी पोचतो यावर अवलंबून असलेले) बग त्यातच लपतात. कॅशचं मॉडेल नाही. इंटेलच्या लॅपटॉपवर आर्मचा कोड चालवला की होस्टची मेमरी शिस्तीची असल्यामुळे विसरलेले बॅरिअर (मेमरीतल्या लिखाणाचा क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना) खपून जातात. एका कोअरने मेमरीत निरोप लिहिला, डीएसबी हा बॅरिअर न टाकता दुसऱ्याला सॉफ्टवेअर इंटरप्ट पाठवला, तर क्यूएमूवर दिवसभर चालेल. बोर्डावर दुसरा कोअर उठेल आणि जुनाच निरोप वाचेल. लेटन्सीचे, म्हणजे लागणाऱ्या वेळेचे, आकडे क्यूएमूवरून काढून स्लाइडवर टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त बोर्डाचे आकडे मागते.

तर घ्यावा का? ड्रायव्हर, बूटलोडर, छोटा कर्नल लिहिणाऱ्याने डोळे झाकून घ्यावा. डीबगरमध्ये प्रत्येक कोअर वेगळा थ्रेड म्हणून दिसतो, एकाचा हँडलर थांबवून दुसऱ्याचे रजिस्टर बघता येतात. नुसत्या या सुखासाठीसुद्धा. सायकलचा हिशोब हवा असेल तर जेम५ वगैरे बारकाईच्या सिम्युलेटरांकडे वळा, आणि चहाचा थर्मास जवळ ठेवा.

जाता जाता सेटिंगचं: ट्रेस (क्यूएमूमधल्या घटनांची नोंद) चालू करताना जीआयसी व्हर्जन ३चे सगळे इव्हेंट एकदम मागू नका, २७ नंबरचा टायमर प्रत्येक कोअरवर टिकटिकत राहतो आणि फाइल त्यानेच भरते. फक्त डिस्ट-सेट-आयआरक्यू मागा. टायमर रीडिस्ट्रिब्यूटरच्या (जीआयसीतल्या प्रत्येक कोअरच्या वेगळ्या भागाच्या) वाटेने जातो, त्यामुळे इथे तुमच्या डिव्हाइसची लाइन वर-खाली झालेली तेवढी दिसते.