वावर, पांदण की घर?

एचआयव्हीच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत, रक्तातला विषाणू मोजणाऱ्या व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘टीएनडी’, म्हणजे विषाणू सापडला नाही, असं आलं आहे, आणि या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरचे डॉक्टर म्हणाले, “आता जरा व्यायाम करत जा.” गावात परतल्यावर प्रश्न उरतो, करायचा कुठे? जिम तालुक्याला. आपल्याकडे जागा तीनच.

वावराचं नाव घरचेच आधी घेतात. “दिवसभर राबते, आणखी कायचा व्यायाम?” बोलणं अगदीच चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेलं माप आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम असं आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांनाही तेच लागू, आणि कामाचे श्रम त्यात धरले जातात. डवरणी, सोयाबीनची सोंगणी चालू असेल तर दोन-तीन दिवसांतच मिनिटं भरतात. पण कापसाची शेवटची वेचणी झाली की कोरडवाहूवाला मृगापर्यंत बराचसा रिकामा. तेव्हा बाज असते आणि मोबाइल असतो. शिवाय वेचणीत कंबर दिवसभर वाकलेली. अंग मोडून येतं, तरी दम वाढतोच असं नाही.

पांदणीने, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या वाटेने, चालण्याला पैसा लागत नाही. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झाली १५० मिनिटं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. एचआयव्हीवरच्या टेनोफोव्हिर या औषधाच्या गोळीने हाडांची घनता थोडी कमी होऊ शकते, म्हणून अंगाचं वजन पायांवर पेलणारी ही हालचाल हाडांसाठीही कामाची. खरी अडचण लोकांच्या नजरेची. जो कधी चालला नाही तो पहाटे चालताना दिसला, की पारावरून विचारणा होते, “काहून बा, शुगर निघाली का?” ज्यांना सांगायचं नाही त्यांनी ‘हो’ म्हणून मोकळं व्हावं, आपल्या गावांत शुगर हा मानाचा आजार आहे. बाईला एवढ्याने सुटका नाही. तिला सोबतीण हवी किंवा वावरात डबा पोचवायचं निमित्त. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सकाळी सातच्या आत घरी परतावं, आणि पावसाळ्यात साप-चिखलामुळे पांदण सोडून डांबरी सडक धरावी.

घरात नजरेचा प्रश्न मिटतो, निदान दार लावता येत असेल तर. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या उचलणं. चालण्याने न मिळणारी हातांची ताकद इथे मिळते. तळपायाला मुंग्या येतात, चप्पल कधी निसटली ते कळत नाही, अशांनी पांदणीच्या दगडांपेक्षा घरच बरं समजावं. दोष एकच, कंटाळा. चौथ्या दिवशी बाटल्या परत माठाशेजारी जातात.

मला विचाराल तर पांदण मुख्य धरा, आठवड्यातले दोन दिवस घरचा व्यायाम जोडा, आणि हंगामात वावराची मेहनत चालण्याच्या जागी मोजा. व्यायामाने सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, भराभरा वाढतो असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. वाढतो तो दम आणि स्नायूंची ताकद, आणि बऱ्याच जणांचं मनही हलकं होतं. प्रकृती स्थिर असेल तर व्यायामाने आजार बळावत नाही.

मात्र पाय उचलवत नाही याला दरवेळी आळस म्हणू नका. गोळ्यांत झिडोव्ह्युडीन असेल तर रक्त कमी होऊ शकतं. चार पायऱ्यांत धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. खोकला, संध्याकाळचा ताप, उतरतं वजन असेल तर व्यायाम थांबवून टीबीची तपासणी करून घ्या. आणि झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल तेव्हा खिडकीवरूनच परतू नका, समुपदेशकाजवळ दहा मिनिटं बसा.