किंग्स्टन ब्लॅक की डॅबिनेट? सायडरसाठी एकच झाड लावायचं असेल तर

इंग्लंडमधल्या सॉमरसेट, हेरफर्डशायर, ब्रिस्टल या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी ज्यांच्या घरामागे थोडी जागा आहे आणि घरचं सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू) करायचं डोक्यात आहे, त्यांची गाडी शेवटी सायडरच्या सफरचंदांच्या याच दोन जातींवर येऊन थांबते. गाला वगैरे खायच्या सफरचंदांचं सायडर पाणचट लागतं हे बहुतेकांनी करून बघितलेलं असतं, त्यात जात नाही. माझ्याकडे दोन्ही झाडं होती, आता एकच आहे, तेव्हा माझं मत थोडं कललेलं असणार हे धरून वाचा.

आधी चव. किंग्स्टन ब्लॅकला तोड नाही हे मी आजही मान्य करतो. टॉन्टनजवळच्या किंग्स्टन सेंट मेरी गावावरून नाव पडलेलं हे लहानसं, काळपट लाल सफरचंद, आणि याची ख्याती अशी की दुसरं काहीही न मिसळता याच्या एकट्याच्या रसाचं पूर्ण सायडर होतं. म्हणजे गोडी आहे, तुरटपणा आहे आणि आंबटपणाही आहे, साधारण 0.58 टक्के आम्ल. ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्राची वर्गवारी अजून सगळे वापरतात (केंद्र 2003 मध्ये बंद झालं), त्यात 0.45 टक्क्यांच्या वर आम्ल गेलं की फळ आंबट गटात. डॅबिनेटमध्ये हेच आम्ल 0.18 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ नाहीच, पण टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर आणि ते मऊ, जिभेला न ओरबाडणारं. नुसत्या डॅबिनेटचं सायडर गोलमटोल लागतं, छान लागतं, पण काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

आणि प्रश्न फक्त चवीचा नाही. आम्ल कमी म्हणजे पीएच वर, आणि पीएच 3.8 च्या वर गेला की कॅम्पडेनच्या (रसातले जंतू मारणाऱ्या सल्फाइटच्या) गोळ्या फारशा कामाला येत नाहीत, नको ते जंतू वाढायला मोकळे. त्यामुळे डॅबिनेटच्या रसात काहीतरी आंबट घालावंच लागतं. कागदावर बघितलं तर किंग्स्टन ब्लॅक जिंकलं, विषय संपला.

पण झाड कागदावर वाढत नाही ना. किंग्स्टन ब्लॅकला कँकर हा बुरशीचा रोग धरतो, आणि धरतो म्हणजे सोडतच नाही. शरद ऋतूत पानं गळतात, प्रत्येक पान जिथून सुटलं तिथे बारीकशी जखम राहते, त्यातून बुरशी आत शिरते, आणि आपल्याकडे पश्चिमेला तेव्हाच पाऊस लागून राहिलेला असतो. मग साल आत दबते, तडकते, डाग फांदीभोवती गोल फिरला की त्याच्या वरचं सगळं गेलं. घरच्या बागेत फवारून बरा होईल असं औषध नाही, निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं आणि कापलेलं जाळायचं, एवढंच हातात. दर हिवाळ्यात मी करवत घेऊन उभा, या वर्षी कुठली फांदी द्यायची याचा हिशोब करत, आणि ज्या फांदीवर पुढच्या वर्षीची आशा ठेवलेली तिच्यावरच नेमका डाग. त्यात हे झाड मुळातच हात आखडून फळ देणारं, वर आपणच फांद्या कापतोय, म्हणजे प्रेस धुवायला जेवढा वेळ जातो तेवढाही रस निघाला नाही असं व्हायचं. शेवटी काढूनच टाकलं. शेजारच्या काउंटीत कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर एकांचं झाड अगदी सुरेख आहे, मी बघितलंय, त्यामुळे सगळ्यांचं असंच होईल असं म्हणत नाही. माझी जमीन चिकण आहे आणि पाणी धरते.

त्याच जमिनीत, त्याच पावसात डॅबिनेटला मी कँकर जवळजवळ बघितला नाही. सॉमरसेटमधल्या मिडल लँब्रुकच्या एका कुंपणात आपोआप उगवलेलं हे झाड, बहुतेक म्हणूनच इतकं चिवट असावं. मोहोर उशिरा येतो त्यामुळे मे महिन्यातलं गोठवणारं दंव बरेचदा चुकतं, एकटं असलं तरी फळ धरतं, आणि पसारा आटोपशीर. नखरा एकच, पालाश (पोटॅश) कमी पडला की पानांच्या कडा करपतात, पण शेगडीतली लाकडाची राख हिवाळा संपताना बुंध्याभोवती टाकली की माझं भागतं.

मग आंबटपणाचं काय? ते तर इथे फुकट मिळतं हो! सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुठल्याही गावातून चक्कर मारा, कोणाच्या तरी फाटकाबाहेर ब्रॅम्लीचं, म्हणजे शिजवायच्या आंबट सफरचंदांचं, खोकं असतंच, 'घेऊन जा' अशी पाटी लावलेलं. ब्रॅम्ली टिकतंही छान, डॅबिनेट नोव्हेंबरमध्ये तयार होईपर्यंत शेडमध्ये आरामात पडून राहतं. तीन भाग डॅबिनेट, एक भाग ब्रॅम्ली, माझं प्रमाण साधारण हे, पण पीएचची पट्टी बुडवून बघा आणि मग ठरवा. आंबट सफरचंद सुपरमार्केटमध्येही मिळतं, तुरट सफरचंद मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही, ते स्वतःच लावावं लागतं. माझ्यासाठी पारडं तिथेच झुकलं.

यार्लिंग्टन मिल ही सायडरची आणखी एक जात का नाही असं काही जण विचारतील. रस उत्तम आहे, पण हापूससारखं एक वर्षाआड, एका वर्षी फांद्या मोडतील इतकं आणि पुढच्या वर्षी ठणठणाट, एकच झाड असणाऱ्याने काय करायचं? डॅबिनेटही फार लगडू दिलं तर पुढच्या वर्षी रुसतं, पण विरळणी केली की ऐकतं.

जागा तीन झाडांची असेल, जमीन निचऱ्याची असेल आणि हिवाळ्यात करवतीची हौस असेल तर तिसरं किंग्स्टन ब्लॅक जरूर लावा, एखाद्या वर्षी जे काही बाटलीत उतरेल ते खास पाहुण्यांसाठी ठेवा. नाहीतर झाड मध्यम उंचीचं ठेवणाऱ्या एमएम 106 खुंटावरचं डॅबिनेटचं कलम घ्या. कुंडीऐवजी उघड्या मुळांचं घेतलं तर स्वस्त पडतं, ते नोव्हेंबर ते मार्चमध्येच लावायचं असतं, ऑर्डर मात्र उन्हाळ्यातच देऊन ठेवा.