नाशिकच्या घरासाठी फिकट, थंड रंग: आकाशी, पिस्ता, मोतिया की राखाडी?

घरातल्या खोल्यांसाठी फिकट आणि डोळ्यांना गारवा देणारा रंग शोधायला निघालेल्या माणसाची निवड बहुधा आकाशी, पिस्ता, मोतिया आणि राखाडी या चार छटांपाशी येऊन थांबते. या चारांत सर्वांत चांगली छटा कोणती, असे सरसकट सांगता येत नाही. मात्र खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे हे आधी पाहिले, तर निवड बरीच सोपी होते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. आतल्या भिंतीच्या रंगाने खोलीचे तापमान फारसे उतरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत घर तापते ते प्रामुख्याने गच्चीच्या स्लॅबमधून, बाहेरच्या भिंतींतून आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे. घर वरच्या मजल्यावर असेल आणि खर्चाला मर्यादा असेल, तर आतल्या महागड्या इमल्शनपेक्षा गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा थर देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आतला फिकट रंग खोलीतला उजेड वाढवतो, त्यामुळे पडदे ओढून ऊन अडवले तरी खोली अंधारी वाटत नाही, आणि नजरेला गारवा जाणवतो. हे कामही लहान नाही.

आता दिशेकडे वळू. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीवर पुरेसा छज्जा असेल तर भर दुपारचे ऊन आत शिरत नाही. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्याच खिडकीतून हवेहवेसे ऊन घरात येते. खरा त्रास पश्चिमेच्या खोलीला होतो, कारण तिथे दुपारनंतरचे तिरपे ऊन कोणताही छज्जा अडवू शकत नाही आणि तापलेली भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते.

अशा पश्चिमेच्या खोलीसाठी आकाशी आणि पिस्ता या दोघांतच खरी स्पर्धा आहे. संध्याकाळच्या पिवळसर-केशरी उजेडात फिकट आकाशीचा निळेपणा मावळतो आणि भिंत किंचित मळकट दिसू लागते. पिस्त्यात मुळातच थोडा पिवळा असल्याने तो उजेड सामावून घेतो आणि हिरवा हिरवाच राहतो. त्यामुळे पश्चिमेला मी पिस्ता निवडीन, आणि आकाशी पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या शयनगृहासाठी राखून ठेवीन, जिथे दिवसभराच्या स्वच्छ उजेडात तो प्रसन्न दिसतो. उत्तरेच्या खोलीत मात्र आकाशी टाळावा. तिथे थेट ऊन कमी आणि आकाशाचा निळसर उजेड जास्त, त्यामुळे उन्हाळ्यात सुखावणारी भिंत डिसेंबर-जानेवारीत उदास वाटते. आणि ज्या जिल्ह्यात निफाडचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली जातो, तिथे वर्षातले ते दोन महिने हिशेबात धरायलाच हवेत.

उत्तरेच्या खोलीला मोतिया उत्तम. छताला पांढरा आणि भिंतींना मोतिया ही जोडी साधी असली तरी उजेड सर्वांत जास्त देते. काही शेड कार्डांवर प्रत्येक छटा किती उजेड परतवते याचा ० ते १०० असा आकडा छापलेला असतो. तो ७० च्या आसपास किंवा वर असेल तर अंधाऱ्या खोलीसाठी छटा योग्य समजावी. राखाडी मात्र भरपूर उजेडाच्या मोठ्या बैठकीतच शोभते. एका खिडकीच्या लहान खोलीत, विशेषतः खाली शहाबादी फरशी असेल तर, ती मरगळलेली दिसते.

अंतिम निर्णय शेड कार्डावरून घेऊ नये. कार्डावरचा चौकोन बोटाएवढा असतो. चार भिंतींवर तीच छटा एकमेकींवर उजेड टाकून गडद होते, म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट घ्यावी. प्रायमर सुकल्यावर रंगाऱ्याकडून खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि खिडकीलगतच्या भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे दोन हात देऊन रंगवून घ्यावेत, आणि सकाळी, चारच्या सुमारास व रात्री दिवा लावून पाहावेत. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली टवटवीत दिसणारा पिस्ता पिवळ्या एलईडीखाली लिंबाकडे झुकतो, आणि आकाशी हिरवट भासतो. घरात कोणते दिवे राहणार आहेत हे ठरल्याशिवाय छटा पक्की करणे घाईचे ठरते.

फिकट रंगावर हात लागल्याचे डाग लवकर उठून दिसतात, म्हणून मुलांच्या खोलीत आणि जिन्यालगत पुसता येणारे इमल्शन घ्यावे. कमी वापराच्या खोलीत डिस्टेंपरही चालते. भिंतीला ओल असेल तर कोणतीही छटा टिकणार नाही, खार फुटून पोपडे निघतील. तेव्हा गळती आधी बुजवावी आणि पावसाळ्यानंतर भिंत पूर्ण सुकल्यावरच पुट्टीला हात घालावा, मग त्यासाठी काम दिवाळीनंतर गेले तरी चालेल.