जुनी व्हॅन, ताजा काळा रंग

अमेरिकेत जुनी फुल-साइझ व्हॅन घ्यायला निघालेल्या मराठी मंडळांनी आणि कॅम्पिंगवेड्या कुटुंबांनी हे जरूर वाचावं. आमचे गेलेले पैसे मंडळाच्या वर्गणीचे होते, त्यामुळे जरा जास्तच झोंबलंय.

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाजूला राहतो. गणपतीचं मखर, नाटकाचं नेपथ्य, स्पीकर, जेवणाची मोठी भांडी असं सगळं मंडळाच्या बंदिस्त ट्रेलरमध्ये असतं. ट्रेलर दोन अॅक्सलचा, भरला की ६,००० पौंडांच्या आसपास. एका सभासदाच्या पिकअपमागे तो इतकी वर्षं फिरला. ते टेक्ससला गेले आणि घोडं पेंड खाऊ लागलं. मग ठरलं की जुनी फोर्ड ई-३५० घ्यायची. ही निवड योग्यच होती, असं मी अजूनही म्हणते. खाली ट्रकसारखी जाडजूड फ्रेम, वर ऐसपैस बॉडी, पुढे माणसं, मागे सामान आणि त्यामागे ट्रेलर. फक्त या बंद बॉडीच्या व्हॅन फोर्डने २०१४ नंतर थांबवल्या आणि त्यांच्या जागी ट्रान्झिट आणली. म्हणजे बाजारात आता मिळणार त्या जुन्याच, आणि जुन्या गाडीच्या बाजारात पाणी कुठे मुरतंय ते वरून दिसत नाही.

जाहिरात अशी होती: २००६ ची ई-३५०, ६.८ लिटर व्ही-टेन (दहा सिलिंडरचं) इंजिन, १,१८,००० मैल, १०,००० पौंड ओढते, ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक लावणारी डबी) बसवलेला, किंमत ५,८०० डॉलर. विकणारा क्लीव्हलँडकडचा. मी आणि आमचे खजिनदार काका गेलो. माणूस गोड बोलणारा, गाडी धुऊनपुसून उभी. पुढच्या फेंडरवर व्ही-टेनचा बिल्ला. मागे ट्रेलर अडकवायची भक्कम हिच, त्यावर १०,००० पौंडांचं स्टिकर. डॅशखाली ब्रेक कंट्रोलरची काळी डबी. काकांनी वाकून खाली पाहिलं, तर सगळं काळं कुळकुळीत. ‘गंज लागू नये म्हणून कोटिंग करून घेतलंय,’ तो म्हणाला. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, मात्र त्याच्या नावावर नव्हतं. म्हणे मामाची गाडी, मामा आता चालवत नाहीत. विकणाऱ्याची सही आणि नोटरीचा शिक्का आधीच मारलेला, विकत घेणाऱ्याचं नाव आणि किंमत कोरी. काकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘तुमचा हेलपाटा वाचावा म्हणून करून ठेवलं.’

आम्ही पैसे देऊन गाडी घेतली. आधी फसलं ते टायटलच. ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, आणि ती होण्याआधी घेणाऱ्याचं नाव, किंमत, ओडोमीटरचा (चाललेल्या मैलांचा) आकडा हे सगळं भरलेलं असावं लागतं. कोऱ्या जागेवर शिक्का मारलेलं टायटल म्हणजे बेकायदा कागद. टायटल ऑफिसमधल्या बाईंनी तो उलटसुलट पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि परत केला. मग टायटलवरचं नाव शोधत गेलो तर मामाबिमा कुणी नाहीच, एक वृद्धाश्रम निघाला! तिथल्या मॅनेजर बाई बिचाऱ्या सज्जन. त्यांनी दुसरं टायटल काढून रीतसर आमच्या नावावर करून दिलं. पण फाइल चाळता चाळता म्हणाल्या, ‘आम्ही ही गाडी एका व्यापाऱ्याला दिली तेव्हा १,९७,००० मैल झाले होते.’ काका खुर्चीतच मागे टेकले.

इथे एक गोष्ट ठळक सांगते, कारण बहुतेकांना ती माहीत नसते. २०१० किंवा त्याआधीच्या मॉडेलची गाडी विकताना ओडोमीटरचा आकडा लिहून देण्याचं बंधन केंद्रीय कायद्यात नाही. २०११ पासूनच्या गाड्यांना ते वीस वर्षं लागू असतं. काटा मागे फिरवणं कोणत्याही गाडीच्या बाबतीत गुन्हाच आहे, पण जुन्या गाडीच्या कागदावर ‘एक्झेम्प्ट’ (सूट) लिहिलं की तो पकडायचा कसा? डीलरकडून घेऊ म्हणाल, तर तिथेही गंमत आहे. वापरलेल्या गाडीच्या काचेवर वॉरंटी आहे की नाही हे सांगणारा ‘बायर्स गाइड’ लावायचा केंद्रीय नियम आहे, पण तो ८,५०० पौंडांपेक्षा कमी जीव्हीडब्ल्यूआरच्या (माणसं-सामानासकट गाडीचं कंपनीने ठरवलेलं कमाल वजन) गाड्यांना. ई-३५० त्याच्या वर जाते. म्हणजे वयाने म्हातारी आणि वजनाने भारी गाडी घेणारा माणूस दोन्हीकडून उघडा पडतो, आणि फसवणारे लोक नेमक्या अशाच गाड्या निवडून विकतात.

टायटल मिटल्यावर गाडी ट्रेलर-हिचच्या दुकानात नेली. ट्रेलरच्या तारा जोडायच्या सात पिनांच्या सॉकेटचं काम होतं, तासाभरात होईल असं वाटलं होतं. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, मागच्या बाजूला टॉर्च मारला आणि काही न बोलता छोटी हातोडी आणली. हिच जिथे फ्रेमला बोल्टने धरलेली असते त्याच्या थोडं पुढे त्याने ठोकलं. टण्ण आवाज यायला हवा होता, आला तो बद्द. दुसऱ्या ठोक्याला काळ्या रबरी कोटिंगचा तळहाताएवढा पोपडा सुटून खाली पडला, आणि पोपड्याच्या आतल्या बाजूला तांबूस लोखंडाचे पापुद्रे चिकटलेले. मग त्याने स्क्रूड्रायव्हर लावला. जोर न करता तो मुठीपर्यंत आत गेला. इरी सरोवराच्या काठी हिवाळ्यात रस्त्यांवर मिठाचा मारा असतो, त्याने फ्रेम आतून खाल्ली होती. हिच नवी, बोल्ट नवे, ज्याला ते धरले होते ते लोखंडच कुजकं. वरून कीर्तन आणि आतून तमाशा.

‘याला मी ट्रेलर जोडणार नाही, आणि दुसऱ्या कुणी जोडला तर त्या गाडीत बसू नका,’ एवढंच तो म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

त्यानेच मग बाकीचं उलगडून दाखवलं. ब्रेक कंट्रोलरची डबी स्क्रूने घट्ट, पण मागच्या तारा कापून टेप गुंडाळलेली. ट्रेलर जोडून हळू चालताना कंट्रोलरचा हाताचा दांडा दाबला, की ट्रेलरच्या चाकांनी धरायला हवं. एवढी चाचणी घेतली तरी डबी खरी की शोभेची ते कळतं. इंजिन तर व्ही-टेन नव्हतंच. या व्हॅनमध्ये निम्मं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये झाकणाखाली दडलेलं असतं, त्यामुळे बॉनेट उघडून सिलिंडर मोजता येत नाहीत. पण व्हिनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, आठवं अक्षर इंजिन सांगतं. या काळातल्या ई-३५० ला व्ही-टेन असेल तर तिथे ‘एस’ असतो. आमच्यात ‘एल’ होता, म्हणजे ५.४ लिटरचं व्ही-एट. ते इंजिन वाईट नाही, पण १०,००० पौंड ही त्याची कुवत नाही. बिल्ला भंगारवाल्याकडे मिळतो.

आणि स्टिकरवरचे १०,००० पौंड हा हिचचा आकडा, व्हॅनचा नव्हे. त्यावरसुद्धा दोन आकडे असतात. मोठा आकडा वेट-डिस्ट्रिब्यूशनचे (ट्रेलरचा भार सगळ्या चाकांवर वाटणारे) दांडे लावले तरच, हिचच्या साध्या बॉलवर त्याहून बराच कमी. व्हॅन किती ओढेल ते इंजिन, मागच्या अॅक्सलचा गिअर रेशो आणि गाडीत भरलेली माणसं-सामान यावर ठरतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर जीव्हीडब्ल्यूआर आणि अॅक्सलचा कोड छापलेला असतो, तो फोर्डच्या यादीत बघायचा. उंच छत, पलंग, कपाटं बसवलेली जुनी कन्व्हर्जन व्हॅन घेत असाल तर आणखी जपा. त्या लाकडाचं वजनही गाडीच वाहते. ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर थोड्या डॉलरांत खरं वजन कळतं, आणि विकणारा तिथे यायला का-कू करू लागला तर उत्तर मिळालंच.

पैसे परत? विकणाऱ्याचा फोन बंद. ओहायोत स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाची, मर्यादा ६,००० डॉलर, म्हणजे आमची रक्कम बसत होती, पण दावा लावायचा कुणावर? कागदावर त्याचं नाव कुठेच नाही, कोऱ्या टायटलचा सगळा उपयोग हाच. बारा महिन्यांत पाचपेक्षा जास्त गाड्या विकायच्या तर या राज्यात डीलरचं लायसन्स लागतं. ते न घेता घरगुती विक्रेत्याचं सोंग आणणाऱ्याला इथे ‘कर्बस्टोनर’ म्हणतात. मंडळाच्या बैठकीत काका म्हणाले, ‘माझ्या खिशातून भरतो.’ कुणी ऐकलं नाही, पण ती बैठक मला पुन्हा नको. गाडी भंगारात गेली, आणि यंदाच्या गणपतीला भाड्याचा ट्रक.

परवा जोशी वहिनींनी एक जाहिरात पाठवली. २००८ ची व्हॅन, व्ही-टेन, मामाची. मागे तेच गॅरेजचं दार. आम्ही अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केलीच होती, त्यात ही जोडली. आमच्या वेळची जाहिरात त्याने पैसे मिळताच काढून टाकली होती, म्हणून कुठलीही जुनी व्हॅन बघायला निघण्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या. तिथे पोचल्यावर व्हिनचा, टायटलच्या दोन्ही बाजूंचा आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो मागा. ओळखपत्रावरचं आणि टायटलवरचं नाव जुळत नसेल तर चहाही न घेता निघा.