आई-बाबांसाठी डॉक्टरची मेंबरशिप घ्यावी की आपला ३०० रुपयांचा नंबरच बरा?

दादा अमेरिकेत रॅलेला असतो, आई-बाबा कोथरूडला मयूर कॉलनीत आणि मी वाकडला. म्हणजे त्यातल्या त्यात जवळची मी, पण संध्याकाळी सातला वाकडहून चांदणी चौकात उतरायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. तर मागच्या वर्षी दादाचा फोन आला की आम्ही इथे डॉक्टरची मेंबरशिप घेतलीय, महिन्याला ठरलेले पैसे भरायचे मग कितीही वेळा जा, फोन करा, मेसेज करा, वेगळी फी नाही, पुण्यात आई-बाबांसाठी असं काही मिळतं का बघ, पैसे मी भरतो. "पैसे मी भरतो" म्हटलं की धावपळ आपोआप माझ्याकडे येते, पण ते असो. शोधलं, घेतलं, सात महिने वापरलं, आणि आता ओळखीतले तीन-चार जण हेच विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी दादाकडचं. तिकडे त्याला डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणतात. माणशी महिन्याला साधारण ५० ते १५० डॉलर, बऱ्याच ठिकाणी वयाप्रमाणे कमीजास्त. यातला डॉक्टर इन्शुरन्स कंपनीला बिलच पाठवत नाही, त्यामुळे बिलं, कोड, क्लेम याच्यासाठी ठेवायला लागणारा स्टाफ वाचतो आणि नेहमीच्या डॉक्टरकडे दोन हजारांच्या वर पेशंट असतात तिथे हे ६००-८०० वर भागवतात. मग एकेका पेशंटला अर्धा तास, कधी तासभर सुद्धा मिळतो. काही राज्यांत डॉक्टर क्लिनिकमधूनच जवळपास होलसेल भावात औषधं देतात, सगळ्या राज्यांत ते चालत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हा इन्शुरन्स नाही, तिकडच्या ३० पेक्षा जास्त राज्यांच्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. अपेंडिक्स झालं, हात मोडला, तर ते वेगळं. म्हणून लोक ही मेंबरशिप आणि जोडीला मोठ्या डिडक्टिबलचा, म्हणजे आधी बरीच रक्कम आपण खिशातून भरायची असा, स्वस्त इन्शुरन्स अशी जोडी लावतात. २०२६ च्या जानेवारीपासून तर हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटच्या, म्हणजे औषधपाण्यासाठी बाजूला ठेवायच्या खात्यातल्या, करमुक्त पैशातून ही फी भरता येते, एकट्याला महिना १५० आणि फॅमिलीला ३०० डॉलरची मर्यादा आहे. कॉन्सिअर्ज म्हणून दुसरा एक प्रकार असतो, त्यात मेंबरशिप पण घेतात आणि वर इन्शुरन्सला बिल पण लावतात, त्या दोघांत गल्लत करू नका.

आता हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की वा, पण मग लक्षात आलं की ही त्यांच्या दुखण्यावरची गोळी आहे. त्यांच्याकडे साधा घसा धरला तरी मध्ये इन्शुरन्स कंपनी बसलेली, बिल तीन आठवड्यांनी येणार आणि किती येणार ते डॉक्टरलाही माहीत नाही. आपण कधी फॅमिली डॉक्टरला मेडिक्लेमचं कार्ड दाखवलंय का? खिशातून नोट काढली, कंपाउंडरने ड्रॉवरमध्ये टाकली, सुट्टे नसतील तर पुढच्या वेळी द्या म्हणाला, झालं. डायरेक्ट तर आपण पिढ्यान्‌पिढ्या आहोतच की. आपल्याकडे नाहीये तो वेळ.

आमचे डॉक्टरकाका २८ वर्षं आम्हाला बघतायत, माझ्या कांजिण्यांपासून. फी ३००. पण संध्याकाळी सहाला नंबर लावायचा, आपला एकतिसावा, बाकावर जागा नाही, बाबा बाहेर स्कूटरला टेकून उभे, आणि आत गेल्यावर चार मिनिटं. काकांचा दोष नाही, बाहेर अजून वीस जण खोकत बसलेले असतात.

तर झालं असं की बाबांना सकाळी उठल्यावर गरगरायला लागलं. वय ७६, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू. काकांनी बीपी बघितलं, बसून, ठीक आलं, कानाचं असेल म्हणाले आणि चक्करची गोळी दिली. त्याच सुमारास आम्ही ती मेंबरशिप घेतली होती, आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीआधी मेसेज केला होता, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, रिकामी पाकिटं सुद्धा. आईने खरंच दुधाच्या पिशवीत सगळं भरून आणलं. टेबलावर ओतलं, त्यात दोन वेगवेगळ्या ब्रँडची एकच ॲसिडिटीची गोळी निघाली, एक २०२३ मध्ये एक्स्पायर झालेलं मलम निघालं, आणि टॅमसुलोसिन निघालं. ते प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी चालू केलेलं, आणि काकांना सांगायचंच राहिलेलं, कारण चार मिनिटांत कोण आठवणार. बाईंनी बाबांना आडवं करून बीपी घेतलं, मग उभं करून लगेच आणि तीन मिनिटांनी घेतलं. वरचा आकडा १३८ चा ११० वर आला. बीपीच्या गोळीबरोबर ही गोळी आली की काही जणांचं उभं राहताना बीपी धाडकन उतरतं. बाईंनी त्या प्रोस्टेटच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून वेळ आणि डोस बदलला, उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर बसायला सांगितलं, आणि आठवड्यात गरगरणं गेलं. ही भेट ४० मिनिटांची होती. मेंबरशिपची बाजू काय असं कोणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगते.

आता दुसरी बाजू, तीही तितकीच खरी. पाचव्या महिन्यात त्या बाई ते क्लिनिक सोडून गेल्या. आम्हाला कळलं ते बाबांच्या मेसेजला "टीम"कडून उत्तर आलं तेव्हा. नवीन डॉक्टर पोरगा हुशार असेल, पण त्याने परत पहिल्यापासून सुरू केलं, काका तुमचं वय किती, शुगर आहे का. पहिल्या महिन्यात व्हॉट्सॲपला वीस मिनिटांत उत्तर यायचं, नंतर नंतर दुसऱ्या दिवशी. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितले तर वार्षिक प्लॅनमध्ये रिफंड नसतो म्हणे, आणि ते खरंच बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. काका मात्र २८ वर्षं त्याच खुर्चीत आहेत, त्याची किंमत आपण कुठेच धरत नाही.

पैशांचा हिशोब. आई कालनिर्णयवर डॉक्टरांच्या दिवशी "डॉ." लिहून ठेवते, त्यावरून मोजलं. वर्षभरात दोघांच्या मिळून १९ फेऱ्या, ३०० च्या हिशोबाने ५,७००. रक्त-लघवीच्या तपासण्या वेगळ्या, साधारण ४,२००. एकूण ९,९००. मेंबरशिप दोघांची मिळून वर्षाला १४,०००, त्यात या तपासण्यांचा एक सेट धरलेला आणि तीन महिन्यांतून एकदा घरी येणं. म्हणजे फरक ४,१०० चा. घरी येण्यासाठी आणि त्या ४० मिनिटांसाठी हे महाग नाही असं माझं मत, पण ते दोन सत्तरीच्या, गोळ्या चालू असलेल्या माणसांसाठी. आम्ही दोघं नवरा-बायको आणि पोरगी वर्षाकाठी पाच-सहा वेळा जातो, आम्ही मेंबरशिप घेणं म्हणजे जिमचे वर्षाचे पैसे भरण्यासारखं. लहान बाळ असेल तर गणित परत बदलतं, पहिल्या वर्षी रात्री साडेदहाला फोन उचलणारं कोणी असणं ही चैन नाही, गरज आहे. पण मग बालरोगतज्ज्ञ त्या मेंबरशिपमध्ये आहे का ते बघा, बऱ्याचदा नसतो.

मेडिक्लेम बंद करून हे घेऊ का, असं एकाने विचारलं. अजिबात नको!! दोन्हींचा एकमेकांशी संबंधच नाही. मेडिक्लेम सहसा २४ तास ॲडमिट झालात तर, ओपीडीचं वेगळं कव्हर घेतलं नसेल तर साध्या तपासणीला काही देत नाही. मेंबरशिप नेमकी उलटी, ॲडमिट झालात की तिचं काम संपलं. एकदा मेडिक्लेम सोडून परत नवीन घेतला तर जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड पुन्हा सुरू, म्हणजे तोवर त्या आजारांचे पैसे मिळत नाहीत, जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतो तो, पण ७६ व्या वर्षी तीन वर्षं काय कमी आहेत. ७० च्या वरच्यांना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, बाबांचं काढलंय, तुम्हीही काढून ठेवा, पण ते पण ॲडमिट झाल्यावरच. आणि छातीत दुखायला लागलं तर मेंबरशिपच्या डॉक्टरला मेसेज करून निळ्या टिकची वाट बघत बसू नका, १०८ लावा.

तसं बघायला गेलं तर मेंबरशिप आपल्याला नवीनही नाही. शेजारचे काका सेंट्रल गव्हर्नमेंटमधून रिटायर झालेत, त्यांचं सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी नोकरांची आरोग्य योजना. ती स्कीम १९५४ ची. पेन्शनर एकदम दहा वर्षांची वर्गणी भरून आयुष्यभराचं कार्ड घेऊ शकतात. त्यात डॉक्टर, औषधं, शिवाय हॉस्पिटल पण. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी हा लेख वाचायचीही गरज नाही, फक्त सकाळी लवकर जाऊन रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

घ्यायचीच असेल तर पैसे भरण्याआधी मी आता काय विचारलं असतं ते सांगते. आमचा डॉक्टर ठरलेला एकच असणार की जो ड्यूटीवर असेल तो, आणि तो सोडून गेला तर पैसे परत का. एका डॉक्टरमागे किती मेंबर घेता, या प्रश्नाला थेट आकडा आला नाही तर तिथेच समजून जा. रात्री फोन कोण उचलतं, डॉक्टर की कॉल सेंटर. वर्षाऐवजी तीन महिन्यांचे पैसे घेता का, नसतील घेत तर मी तरी पुन्हा भरणार नाही. आणि सगळे रिपोर्ट, नोट्स आमच्या हातात देता का, कारण बदलायची वेळ आली तर तीच फाइल उपयोगी. व्हॉट्सॲपवरच्या प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर हवाच, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत ते आहे, आणि सायकोट्रॉपिक, म्हणजे मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या, कायद्यात येणाऱ्या झोपेच्या गोळ्या त्या नियमांनुसार सहसा ऑनलाइन लिहून देता येत नाहीत, तिथे भांडू नका.

आमचं काय झालं म्हणाल तर सात महिन्यांनी मी काकांकडे गेले आणि सरळ सांगितलं की तीन महिन्यांतून एकदा दुपारी बाबांसाठी अर्धा तास द्या, डबल फी घ्या. काका हसले, म्हणाले साडेबाराला या, नंबर लावू नका, पैशांचं राहू दे. पण मी ६०० देतेच, फुकट घेतलं की पुढच्या वेळी वेळ मागायला तोंड राहत नाही. पिशवी न्यायची पद्धत त्या बाईंची, ती ठेवली. आता टॅमसुलोसिन काकांच्या कार्डावर लाल पेनाने लिहिलंय. घरी येणं यात नाही, ती उणीव आहे, आणि ज्यांच्या आई-बाबांना जिना उतरता येत नाही त्यांना माझा हा जुगाड उपयोगाचा नाही, त्यांनी मेंबरशिपचाच विचार करावा, डॉक्टर बघून. मुलं परदेशात आणि पुण्यात मागे कोणीच नाही त्यांनीही.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला ठीक, पण उन्हाळ्यात ते दोघं सहा महिने इकडे येणारेत तेव्हा मी इथली मेंबरशिप घेणार. आणि तिथे ती घ्यावीच असं माझंही मत आहे, कारण व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुने आजार बहुतेक धरतच नाहीत, बीपी दाखवायला नुसतं क्लिनिकमध्ये गेलं तरी बिलाने बीपी वाढेल, त्यापेक्षा महिन्याच्या बोलीवर मेंबर व्हायचं आणि परत येताना बंद करायचं, फक्त जॉइनिंग फी किंवा कमीत कमी महिन्यांची अट आहे का ते आधी विचारायचं. दादाने दोघांचे सहा महिन्यांचे डॉलर सांगितले, बाबांनी मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाले, "गोळ्या इथूनच नेतो. आणि बीपीचं मशीन पण माझंच नेतो."