पेणच्या कच्च्या मूर्ती: शाळेवाल्याने मागवाव्यात का?

माती मळणारा, साचे भरणारा, घासणारा, रंगवणारा आणि डोळे आखणारा माणूस एकच असला की गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागेत, शेवटच्या आठवड्यात मार बसतो तो आखणीला. रात्रभर जागलेल्या हाताची रेघ सरळ येत नाही. अशा शाळेसाठी पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून न रंगवलेल्या शाडूच्या मूर्ती मागवणं पैसे वसूल आहे. साच्याचे सांधे सफाईने घासलेले असतात, मुकुटाची नक्षी उठून दिसते.

ऑर्डर देताना नुसती उंची सांगून भागत नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक घरचा पाट आणून देतं, म्हणून बैठकीची लांबी-रुंदीही इंचात लिहून द्या. नाहीतर मूर्ती सुंदर आणि पाटाबाहेर!

माल मृगाच्या आधी उतरवून घ्यावा. पावसात शाडू सुकत नाही, आणि ओलसर मूर्तीवर रंग चढवला की पोपडे येतात. पाठीकडून पोकळीत हात घालून बघा: गार लागलं, मातीचा रंग गडद दिसला, तर ती अजून ओली आहे. उन्हात ठेवू नका. पातळ हात आधी सुकतो, जाड धड मागे राहतं आणि खांद्याशी तडा जातो. सावली आणि पंखा पुरे. शाडूच आहे ना, याची शंका आल्यास तळाला आतून ओरखडा काढून पाण्याचा थेंब टाका. शाडू मऊ पडतो, प्लास्टर नाही.

पेंढ्यात बांधलेल्या असल्या तरी टेम्पोत बोटं, कान, सोंडेचं टोक तुटतंच. शेकड्याला चार-पाच मूर्ती जादा सांगा, आणि उरलेले पैसे टेम्पो रिकामा करून, मूर्ती तपासल्यावरच द्या. तुटलेला भाग ओल्या मातीने जोडू नये. ती सुकताना आकसते आणि सांधा पुन्हा उघडतो. सुक्या शाडूची वस्त्रगाळ पूड डिंकाच्या पाण्यात कालवून लावा.

अस्तर आणि अंगाचा पहिला हात वाडीतली पोरं कॉम्प्रेसरवर नीट मारतात, फक्त रंग एकाच बादलीत कालवून द्यावा. दोघांनी वेगळा कालवला की छटा बदलते. पितांबर, शेला, दागिनेही खुशाल सोपवा. आखणी मात्र स्वतःकडे ठेवा, आणि ती सकाळच्या उजेडात करा.