कोकम सरबत की आवळा सरबत?

मे महिन्यात आमच्याकडे रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) साली साखरेत मुरवून बरणी उन्हात ठेवतात. आठवडाभरात लालभडक पाक सुटतो. तो रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा. शिवाय सालीत गार्सिनॉल नावाचं संयुग असतं. प्रयोगशाळेत दोन्ही उत्तम अँटिऑक्सिडंट ठरलीत, पण माणसांवरचा पुरावा अजून तोकडाच आहे.

इथे आवळ्याचं पारडं जड. 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट, आणि छोट्या चाचण्यांत माणसांच्या कोलेस्टेरॉलवरही चांगला परिणाम दिसलाय. मात्र रस उकळला की 'क' जीवनसत्त्व घटतं, म्हणून किसून पिळलेला कच्चा रसच घ्यावा.

विकतच्या दोन्ही सरबतांत साखर भरमसाट असते. म्हणून माझं मत: थंडीत ताजा आवळा, उन्हाळ्यात गोड पाकाऐवजी आगळ (कोकमाचा मीठ घातलेला बिनसाखरेचा रस), गार पाणी आणि भाजलेलं जिरं. रक्तदाब असेल तर आगळातलं मीठ सांभाळा.